डागाची साळुंकी

गॅलरीतल्या पाण्याच्या वाडग्यावर आज डागाची साळुंकी आली. दोन महिन्यांपूर्वी तिच्या डोळ्याशी देवीच्या रोगात येतो तसा मोठा फोड आला होता. ती जगते की नाही, या घोराने मला चहा गोड लागेना.

"हिला हळद लावू का गं?" मी तेव्हा नातीला विचारलं. ती पक्ष्यांच्या आजारांचा अभ्यास करते.

"आजी, तिला हात लावू नकोस. वाडगा रोज घास, तेवढं पुरे."

मी लगेच वाडगा घासायला घेतला. कारण पंचविशीतली मी चिमण्यांसाठी पाणी उकळून, गाळून ठेवायची, आणि भांडं मात्र आठवडाभर घासायची नाही. वर शेजारणींना स्वच्छतेवर व्याख्यानं! माझ्या तावडीतून वाचलेल्या चिमण्या नक्कीच काटक निघाल्या असतील.

नात म्हणते, साथीत जे पक्षी तगतात, त्यांच्या अंगची ताकद पिल्लांत उतरते. पिढ्यान्‌पिढ्या असं होत जाऊन सगळी जातच बदलते. मग आजारही नवे डाव शिकतो. म्हणजे सकाळच्या या किलबिलाटामागे किती जुनी आजारपणं असतील!

आज फोडाच्या जागी नुसता डाग होता. मागोमाग एक पिल्लूही उतरलं. मी कौतुकाने पुढे झाले, तर साळुंकी माझ्यावर अशी खेकसली, की तिची तब्येत विचारायची गरजच उरली नाही.