पॉवर सप्लायमधला कापूस

कम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये मुंग्या शिरू नयेत म्हणून मी त्याच्या जाळीत कापूस कोंबला. कापसाला तोटा नव्हता. त्या वर्षी भाव इतका पडला होता की बाबांनी तो विकलाच नाही; पुढच्या खोलीत ढीग छताला टेकला होता आणि त्याला खेटूनच माझा कम्प्युटर.

आदल्या आठवड्यात मुंग्यांनी सप्लायमध्ये बिऱ्हाड थाटलं, शॉर्ट झालं, फ्यूज उडाला. मी डबा उघडला, मेलेल्या मुंग्या दाढीच्या ब्रशने झाडल्या आणि पांढरकवड्याहून नवा फ्यूज आणून बसवला. कम्प्युटर सुरू झाला, तसा मी स्वतःला इंजिनिअर समजू लागलो. मग हा कापसाचा बंदोबस्त. आतली गरम हवा बाहेर कुठून जाणार, हे काही इंजिनिअरला सुचलं नाही.

थोड्याच वेळात जाळीतून धूर निघाला. बाबा धावत आले, प्लग उपटला आणि अख्खा डबा अंगणात भिरकावला. मग ढिगात ठिणगी तर गेली नाही ना, म्हणून दोन्ही हातांनी कापूस चाचपत राहिले.

"मुंग्यायच्यानं झालं, बाबा," मी म्हणालो.

"मुंग्यायनं तुहा डबाच खाल्ला असता बे," बाबा म्हणाले, "तू तं घर पेटवून राह्यलता!"