सुदानच्या पाव्हण्याची ओळ

चौऱ्याहत्तर साल. मी अडतीस वर्षांचा होतो आणि परभणीला विद्यापीठाच्या रानात, चार मेढींच्या माळ्यावर बसून ज्वारीची पाखरं राखायचो. त्या माळ्यावर मी साहेबालाही चढू दिलं नाही. चढला तो एकटा सुदानचा पाव्हणा. विचारलं नाही, सवरलं नाही. बूट खाली काढले आणि आपल्या घरच्या ओसरीवर यावं तसा वर येऊन बसला.

ज्वारीचं शिकायला तो तीन महिन्यांसाठी आला होता. येताना फडक्यात मूठभर बी बांधून आणलेलं. साहेबांनी माळ्याजवळची एक ओळ त्याला दिली. मी निजामाच्या शाळेत दुसरीपर्यंत उर्दू शिकलेला, त्याची अरबी. दोन-चार शब्द दोन्हीकडं चालायचे. ओळीकडं बोट करून म्हणायचा, "अम्मी." आईनं दिलेलं बी आमच्या काळ्या रानात पिकतं का, एवढं त्याला डोळ्यानं बघायचं होतं.

वर्ग सुटला की माळ्यावर. वाऱ्यानं ज्वारी सळसळली की डोळे मिटून घ्यायचा. कुठल्या रानात जायचा कुणास ठाऊक. गोफणीला कधी शिवला नाही. तोंडापुढं हात धरून लांब हाळी द्यायचा, नदीपल्याडच्या माणसाला जेवायला बोलवावं तशी. हाळीही अम्मीचीच, असं त्यानंच सांगितलं.

"हे हाकलणं हाय का आवतन?" मी म्हणायचो. "अशानं रान खाऊन जातील की, पाव्हणं!"

"सबर, चाचा, सबर."

अडतीसचा मी, अन् चाचा! पण त्याच्या तोंडून गोड लागायचं.

आमची ज्वारी हुरड्यात आली तरी त्याची ओळ नुसती उंच वाढायलेली. रोज सकाळी ताटांवरून हात फिरवायचा. संक्रांत झाली, कोर्स संपला. निघायच्या दिवशी त्याच्या कणसांत आत्ता कुठं चीक धरत होता. त्या ओळीवर पाखरं यायचे दिवस आता होते, आणि तो चालला होता. माझ्याकडं बघत उभा राहिला. ह्या खेपेला मीच म्हणालो, "सबर."

मी स्टेशनावर गेलो नाही. रान कुणी राखायचं? गाडीची शिट्टी माळ्यावरूनच ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओळीवर पाखरांचा थवा उतरला. गोफणीत खडा घातला, पण कोवळं कणीस मोडलं तर? गोफण खाली ठेवली, तोंडापुढं हात धरले आणि त्याच्या आईची हाळी दिली.