मीठ धरणारे खडे

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गिरगावात सोडावॉटरच्या बाटल्या घेऊन फिरणं म्हणजे पोलिसांना आमंत्रणच. सभांमध्ये त्या फुटायच्या, कधीकधी कुणाच्या डोक्यावर. आणि मी नि माझी मैत्रीण चौपाटीवरून चांगल्या चार बाटल्या भरून निघालो होतो.

माझं एमेस्सीचं काम होतं पाण्यातलं मीठ काढायचं. फिनॉल आणि फॉर्मालिन शिजवून तपकिरी खडे करायचे आणि त्यांतल्या रेणूंना असे हात जोडायचे, की मिठातलं सोडियम त्यांनी घट्ट धरून ठेवावं. परळच्या प्रयोगशाळेत खडे तयार होते. समुद्र तेवढा न्यायचा होता.

ट्रामच्या थांब्यावर हवालदाराने हटकलं. "बाई, पिशवीत काय?"

"समुद्र," मी म्हटलं. मैत्रिणीने चिमटा काढला.

"अ‍ॅसिड असंल. पिऊन दाखवा."

मी एक मोठा घोट घेतला, तोंड जराही वाकडं न करता. "मस्त आहे. घ्या ना तुम्हीपण."

त्याने घेतला, थू थू केलं आणि आम्हाला जवळजवळ ढकलूनच ट्राममध्ये चढवलं.

परळला पोचताच खडे काचेच्या नळीत भरले, समुद्राचं पाणी दहापट पातळ करून वरून सोडलं. खाली स्वच्छ पाणी जमलं. मी चाखलं. आंबट!

मैत्रीण हसून लोळायची बाकी होती. "मीठ काढलंस नि लिंबू पिळलंस होय गं!"

खडे सोडियम धरत होते, पण बदल्यात आम्ल सोडत होते. वाचलेलं होतं सगळं, पण जिभेवर आल्यावर पटलं. मिठाचा दुसरा भाग, क्लोराइड, मोकळाच सुटला होता. त्याला धरायला वेगळे हात हवे होते.

इतक्यात आमचे सर आले. मी तोंड उघडायच्या आत मैत्रिणीने ते आंबट पाणी पेल्यात ओतलं, त्यात चहाची साखर ढवळली आणि पेला त्यांच्या हातात दिला. सर शांतपणे प्यायले.

"सरबत बरं झालंय," ते म्हणाले. "मीठ जरा कमी पडलं."

दुसऱ्या जातीचे खडे जमायला मला पुढे आठ महिने लागले. दोन नळ्यांतून उतरलेलं पाणी सर पेलाभर प्यायले, मग त्यांनी माझी वही ओढून घेतली आणि चवीच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, "काहीच नाही."

ते पान मी घरी सगळ्यांना दाखवत सुटले. आई म्हणाली, "एवढं चिडलेत का गं सर?"