गेममधलं धान्य

मित्रांनो, आज लातूरला गोदामातल्या नोकरीसाठी गेलो होतो. जागा निघाल्याचं माझा मुखेडचा मित्र गोविंद यानेच सांगितलं होतं; तोही मुलाखतीला सोबत होता.

मुलाखत घेणारे साहेब म्हणाले, "मार्क राहू द्या. गेममध्ये ज्याचं डोकं चालतं, त्याचं कामातही चालतं." बारावी अर्धवट सोडलेली, त्यामुळे मला हायसं वाटलं. सगळ्यांना मोबाइलवर राज्य सांभाळायचा गेम दिला.

गोविंदच्या राज्यातलं धान्य संपलं. शेजारूनच म्हणाला, "थोडं पाठव की रे." माझी कोठारं भरलेली होती. मी ऐकूच न आल्यासारखं केलं. पहिला आलो, नोकरी मला मिळाली.

परतताना एसटीत त्याने डबा उघडला. "मायनं दोघांच्या भाकरी दिल्यात. खा, गेमच व्हता की."

मी खाल्ली, पण त्याच्याकडे बघवलं नाही. साहेबांनी माझ्यातलं नेमकं काय ओळखलं असेल?