अर्ध्या मिलिमीटरची जागा

शिरूरजवळच्या एका छोट्या कंपनीत मी सर्किट बोर्ड डिझाइन करते. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाठीवरच्या फवारणी पंपाला टाइप-सी चार्जिंग द्यायचं ठरवलं. मोबाइलची, लॅपटॉपची वायर पंपालाही चालावी, एवढाच हेतू.

टाइप-सीचा कनेक्टर दिसतो साधा, पण आतल्या पिना अर्ध्या मिलिमीटरवर असतात. वीज आणणाऱ्या पिनेला लागूनच चार्जरशी बोलणारी नाजूक पिन. आमचा बोर्ड चार्जरकडून वीस व्होल्ट मागून घ्यायचा. मध्ये ओल शिरली तर ते वीस व्होल्ट शेजारच्या पिनेत उतरणार आणि चार्जिंग थांबवणारी चिप जळणार. म्हणून मी एक संरक्षक चिप टाकली होती. पण पंपाच्या डब्याचा साचा आधीच तयार झालेला, बोर्ड त्यात बसेना. साहेबांनी विचारलं, "काही कमी करता येईल?" मी ती चिप काढली. चाचणीत बोर्ड पास झाला. मात्र चाचणी कोरड्या, स्वच्छ टेबलावर झाली होती.

वरवंडची माझी मावशी शेवंतीच्या फुलांची शेती करते. मीच तिला आणि तिच्या बचत गटातल्या बायकांना ते पंप घ्यायला लावले. एके दिवशी तिचा फोन आला.

"अगं, पंपाला वास मारतोय. कायतरी करपल्यावानी."

"चार्जिंग बंद कर. हात लावू नकोस. मी येते."

दुपारी पोचले. भिंगातून पाहिलं तर दोन पिनांच्या मधे तपकिरी डाग पसरला होता. औषधाचे तुषार उडून आत सुकले होते. चार्जिंग थांबवणारी चिप मेलेली होती. आता बॅटरी भरली तरी वीज तोडणारं आणि लाल दिव्याचा हिरवा करणारं कोणी उरलं नव्हतं.

"बाकीचे पंप कुठं आहेत?"

"घरोघरी. शेजारणीनं तर सकाळीच लावलाय."

आम्ही पळत गेलो. शेजारीण बाजाराला गेली होती. तिचे सासरे ओट्यावर बसलेले.

"आबा, पंप चार्जिंगला आहे का?"

"हाय की. सून म्हणाली, हिरवा दिवा लागला की काढा. अजून लालच हाय."

आतल्या खोलीत तापलेल्या बॅटरीचा गोड, औषधी वास कोंदला होता. पंपाचा डबा एका बाजूनं फुगला होता आणि त्याला टेकून फुलांचे रिकामे क्रेट रचले होते. मी मेन स्विच पाडला, काठीनं वायर ओढली, आणि फावड्यावर घेऊन पंप अंगणात टाकला. आबा मागं सरकतात न सरकतात तोच तो फुटला. पांढरा धूर, मग जाळ. वाळू टाकत राहिलो तरी तो विझायला बराच वेळ लागला.

"आन् मी तर तिथंच आडवा व्हणार व्हतो," आबा म्हणाले.

संरक्षक चिप मीच काढली होती, हे आबांना आणि मावशीला मी त्या दिवशी सांगितलं नाही. गटातले सगळे पंप गोळा केले. आणखी चारांत तोच डाग होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर बोर्ड ठेवला आणि संरक्षक चिप मी काढली हे सांगितलं. विक्री थांबली. गटांना, दुकानांना फोन गेले, बरेच पंप परत आले. पण दौंडच्या बाजारातून कित्येक जणांनी रोखीनं नेलेले. त्यांची नावं कुठंच नाहीत. ते पंप कुठल्या तरी घरात आजही लाल दिवा लावून उभे असतील.