'च'चं पथ्य

मला राग आला की माझं मराठी फार शुद्ध होतं. सबंध आयुष्य कर्वेनगरच्या एका शाळेत तेच शिकवलं, त्यामुळे असेल. गौरीजेवणाच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला की सकाळी मीटिंग आहे, हिंजवडीहून निघून पोचायला चार वाजतील. मी म्हणाले, "यायचं तर पंगतीला ये, नाहीतर येऊच नकोस."

ती आलीच नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. फोन केला की उचलायची, "बरी आहे" म्हणायची आणि ठेवून द्यायची. मी इकडे धुमसत होते. शेवटी ह्यांनी मला शेजारच्या गल्लीतल्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई कसली, माझ्या मुलीहून लहान पोरगी.

मी तिला सगळं सांगितलं. मुलगी कधीच वेळेवर येत नाही, नेहमीच कामाचं कारण, तिला घराचं काहीच नाही, सगळं मीच ओढायचं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "काकू, तुमच्या प्रत्येक वाक्यात एक 'च' आहे. आठवडाभर त्याचं पथ्य पाळून बघाल?"

पथ्य! तो काय वांग्याची भाजी आहे? निश्चय दाखवणारं अव्यय आहे ते, आणि ते मला शिकवणार ही कालची मुलगी! घरी येऊन मी तिच्या नावाने बोटं मोडली. ह्यांना मात्र आयतीच करमणूक मिळाली. मी म्हटलं, "दूध उतू गेलंच शेवटी," की पेपरामागून आवाज यायचा, "एक."

"अहो, खरंच गेलंय!"

"दोन."

चीड आली, पण हट्टाने पथ्य पाळलं. आणि मग माझी वाक्यं उभी राहीनात. 'ती कधीच वेळेवर येत नाही' हे ठणकावून म्हणता यायचं. त्यातला 'च' काढला की पुढे आठवायचं, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती आमच्या आधी हॉस्पिटलात येऊन बसली होती. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटला तो संताप. इतके महिने जपलेला राग असा एका अक्षराने लुळा पडतो म्हणजे काय!

संक्रांतीच्या आधी मी फोन केला. गुळपोळ्या करणार आहे म्हटलं. ती म्हणाली, "शनिवारी येते. पण अर्धा तास हं आई, पुढे धायरीला मैत्रिणीकडे जायचंय."

अर्धा तास! हळदीकुंकवाला आलेली बाईसुद्धा जास्त बसते. माझं डोकं तडकलं. "एवढ्यासाठी येऊ..."

ह्यांनी पेपर खाली केला.

"काय?" मुलीचा आवाज एकदम थंड झाला होता. गौरीच्या वेळी झाला होता तसा. मला भीती वाटली. या वेळी ती गेली तर गेली.

"येताना तूप घेऊन ये," मी म्हणाले. "घरातलं संपलंय." बरणी भरलेली होती.

ती आली, तीही उशिराने. उभ्याउभ्या एक पोळी खाल्ली, दुसरी अर्धी टाकली, सारखं घड्याळ बघत होती. तूप आणायला विसरली होती. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि मी तिला डब्यात पोळ्या भरून देत होते. चपला घालताना ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी येईनच असं नाही हं."

जिना उतरून ती गेल्यावर मी दार लावलं. येईनच असं नाही. मी ते वाक्य वर्गात उलटसुलट करून दाखवायचे तसं मनात फिरवलं.

"म्हणजे," मी ह्यांना म्हणाले, "येणारच नाही असंही नाही."

ह्यांनी तो 'च' मोजला नाही.