दाजी श्वास बघतात

जगात काळजी करणारी माणसं पुष्कळ असतात, पण सकाळपासून एकही काळजी आली नाही म्हणून काळजीत पडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो; मी शाळेत मास्तर, म्हणून ते मला 'सर' म्हणतात. केज तालुक्यात, युसूफ वडगाव या गावाच्या पुढे एका लहानशा गावात ते दूध सोसायटीचे सचिव. एसटीत ते ड्रायव्हरच्या मागचीच सीट धरणार, का तर त्याला डुलकी लागली तर हलवायला कुणी पाहिजे. लग्नाला गेले तर अक्षता हातात घेण्याआधी मांडवाचे बांबू हलवून बघणार. आमच्या मुलीच्या बारशाला तर त्यांनी पाळण्याच्या दोऱ्या स्वतः लोंबकळून तपासल्या. दोऱ्या टिकल्या, आढ्याचा हूक उपसून आला. "बघा, म्हनलं न्हवतं म्या?" असं वर आम्हालाच.

पण त्या दुष्काळाच्या वर्षी दाजींच्या काळजीला खरोखरचं कारण मिळालं आणि आमचं हसू आटलं. तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, टँकर चार-चार दिवस फिरकत नव्हता आणि गावच्या निम्म्या म्हशी चारा छावणीत होत्या. दूध रोज थोडं थोडं कमी होत होतं. दूध संघाचा निरोप आला होता की सकाळी दोन कॅन भरले तरच टेम्पो गावात येईल, नाहीतर येणं परवडत नाही. टेम्पो बंद झाला की एकेका म्हशीवर घर चालवणाऱ्या बायका म्हशीला बाजाराची वाट दाखवणार, हे दाजींना पक्कं ठाऊक होतं. दुसरा कॅन उद्या गळ्यापर्यंत येतो की नाही, या एका गोष्टीने त्यांची झोप गेली, जेवण गेलं, छातीत धडधड सुरू झाली. शेवटी त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, त्यांना अंबाजोगाईला आमच्याकडे घेऊन आली. तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत निघालं, आणि दाजींचा चेहरा आणखी उतरला. "हृदय चांगलं हाय म्हनत्यात. मंग धडधडतंय कावून? कायतरी तपासायचं राहिलंय, सर."

डॉक्टरांनी त्यांना मनाचे उपचार करणाऱ्या एका मॅडमकडे पाठवलं. दर गुरुवारी जायचं. मॅडम वयाने लहान, पण धीराच्या. त्यांनी सांगितलं, शांत बसा, श्वास आत जातो, बाहेर येतो, तो नुसता बघा. काळजी आली तर तिला हाकलू नका आणि तिच्यामागे धावूही नका. 'आली' एवढं म्हणा आणि परत श्वासाकडे या. दाजींच्या पचनी हे पडेना. तीस वर्षं दारात आलेल्या प्रत्येक किटलीचा वास घ्यायचा, चांगलं दूध कॅनमध्ये ओतायचं आणि नासकं परत करायचं, हा त्यांचा शिरस्ता. "मॅडम, घ्यायचंबी न्हाई आन् परत करायचंबी न्हाई, मंग त्या किटल्या दारात किती येळ ठिवायच्या?" त्यावर मॅडम म्हणाल्या म्हणे, "थोडा वेळ राहू द्या, काका. काही आपोआप उठून जातात."

दाजी मात्र सांगितलेलं काम अर्धवट टाकणारे नव्हेत. एक शेंगदाणा घ्यायचा, न्याहाळायचा, वास घ्यायचा आणि अगदी सावकाश चावायचा, असा एक धडा होता. तो त्यांनी आमच्याकडे जेवणाच्या पंगतीत केला. आमचं वरण-भात, ताक, सगळं उरकलं तरी दाजींचा शेंगदाणा चालूच. मग एकदम त्यांचे डोळे भरून आले. "यंदा लोकं बियाला शेंगा कुठनं आनतील हो?" आणि शेंगदाणा तसाच गालात राहिला. पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायला सांगितलं, तर ते डाव्या गुडघ्याच्या वर कधी पोचलेच नाहीत. तिथे त्यांना एक बारीकशी कळ सापडली. ती बिचारी कित्येक वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात. पुढचे दोन गुरुवार गुडघ्याच्या काळजीत गेले.

एवढ्यावर थांबते तर ठीक होतं. पण 'रोजच्या कामातही लक्ष ठेवा' हे मॅडमचं वाक्य त्यांनी फार मनावर घेतलं आणि सोसायटीत प्रत्येक किटलीसमोर डोळे मिटून एक पुरा श्वास घ्यायला सुरुवात केली. उन्हं चढली, रांग जागची हलेना. एक म्हातारी कडाडली, "ओ सचिव, तुमचा श्वास कुठं पळून चालला न्हाई, माजं दूध चाललंय! वता की बिगीबिगी!" तोवर तीन किटल्या नासल्या होत्या आणि दुसरा कॅन बोटभर उणा राहिला. ड्रायव्हरने कुरकुरत तो उचलला. पुढच्या गुरुवारी दाजी आले ते एखाद्या अपराध्यासारखे. ज्याची भीती होती ते आपल्याच हाताने ओढवून आणतोय असं त्यांना वाटत होतं. मला त्या दिवशी चेष्टा सुचली नाही.

मग एका सकाळी अक्काचा फोन आला. "दुसरा क्यान आज निम्माच हाय. तुमी या." मी पहिल्या एसटीने पोचलो. टेम्पोची वेळ टळून गेली होती. बायका रिकाम्या किटल्या घेऊन सोसायटीच्या भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या. दाजी पायरीवर बसले होते, रस्त्याकडे डोळे लावून. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आता हा माणूस कोसळणार असं वाटून मी त्यांचा दंड धरला. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले. "आली," ते हळूच म्हणाले. "बसू द्या तिला."

मग उठले, कॅनचं झाकण काढून वास घेतला आणि म्हणाले, "आजून चांगलं हाय. देवळातली पंगतीची कढई आना. खवा करू."

कापसाच्या वाळक्या पळाट्या गावात ढिगाने पडल्या होत्या. चूल पेटली आणि दाजी लांब दांड्याचं उलथणं घेऊन उभे राहिले. खवा आटवताना हात क्षणभर थांबला, मन जरा इकडेतिकडे गेलं, की दूध बुडाला लागतं. दाजींनी कुणाच्या हातात उलथणं दिलं नाही. घामाने सदरा पाठीला चिकटला होता, पण त्या सगळ्या वेळात ना टेम्पो, ना चारा, ना गुडघा. मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. तीच म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "सचिव, आता न्हाई का श्वास बघत?"

"गप म्हातारे. लागंल."

टेम्पो त्या गावात परत आला नाही. काही म्हशी बाजारात गेल्याच. उरलेल्यांच्या दुधाचा खवा होतो आणि केजच्या बाजारात जातो. दाजींचं गुरुवारी येणं हळूहळू कमी झालं, मग थांबलं. मॅडम म्हणतात, चांगली गोष्ट आहे. मला मात्र गुरुवार आला की उगाच चुकल्यासारखं होतं. हूक तपासणारं घरात कुणी येत नाही.

त्या पहिल्या दिवशी अक्काने आमच्यासाठी खव्याचा एक गोळा बांधून दिला होता. घरी बायकोने चव घेतली आणि म्हणाली, "छान झालाय, पण कुठेतरी जरासा लागलाय हो." मी लगेच दाजींना फोन लावला, म्हटलं, एवढं लक्ष देऊनही लागलाच की!

"मधी एकदा हारन वाजल्यावानी वाटलं, सर," ते म्हणाले. "म्या रस्त्याकडं बघितलं. तेवढ्यात लागला."